दोन गाठींचा दोरा

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. पाचवीचं पुस्तक वडिलांनी आणलं होतं, पण त्याच वर्षी आई गेली आणि ते पुस्तक कोनाड्यातच राहिलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. अक्षर तर कोंबडीनं माती उकरावी तसं आहे, त्याला माझा इलाज नाही. ही वही माझ्या मुलीनं, शालूनं आणून दिली. ती शाळेत शिकवते. म्हणाली, "आई, भागूमावशीबद्दल लिही. मी नीट उतरवून रविवारच्या पुरवणीला पाठवीन." पाठवायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी माझ्या हातापायांना घाम येतो. पण लिहून ठेवते. दुपारी भांडी झाली की थोडं लिहिते, मग डोळे मिटायला लागतात… पुन्हा दुसऱ्या दिवशी.

भागू गेली त्याला आता सहा आठवडे झाले. बातमी मला मासळीवालीनं दिली. ती रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या गल्लीत येते. त्या दिवशी टोपली खाली न ठेवताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तुमची कासारीण गेली. पहाटेला." मी पोहे वाळत घालत होते. हातातला पोह्याचा ओंजळभर ढीग तसाच चादरीवर टाकला आणि पसरायचं विसरले. मासळीवाली म्हणाली, "रडा बाय, मोकळं रडा." पण मला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं वाटलं, एवढंच. त्याच्या आठ दिवस आधी मी तिला भेटून आले होते आणि त्या भेटीत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर पुढचं लिहिता येणार नाही.

भागीरथी तिचं नाव. आमच्या पनवेलच्या बाजारात तिच्या सासरच्यांचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक ओटा, मागे एक खोली आणि दोरीवर ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. तिचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत वारला. मूल नव्हतं. माहेरी परत न जाता ती दिराच्या संसारात राहिली आणि डोक्यावर पाटी घेऊन खेडोपाडी बांगड्या भरत फिरायला लागली. शिरढोणपासून खाडीकाठच्या मिठागरांपर्यंत सगळ्या बायका तिला ओळखत. तीही त्यांना ओळखायची, पण तोंडावरून कमी आणि हातावरून जास्त. कोणी बाई पदर डोक्यावर ओढून समोरून गेली तरी भागू म्हणायची, "ही अडीचच्या मापाची. वाकड्या हाडाची. हिला घालताना साबण लागतो." लग्नाचा हिरवा चुडा मात्र तिच्या हातानं कोणी भरून घेत नसे. ती विधवा ना. चुडा भरायला तिचा दीर जायचा आणि भागू मागे बसून त्याला बांगड्या मोजून द्यायची, एका हाताच्या दहा आणि दुसऱ्या हाताच्या अकरा. आमच्याकडे दोन्ही हात सारखे भरत नाहीत, एका हातात एक जास्त लागते. मोजताना तिची नजर नवरीकडे नसायची. बोटंच मोजायची.

माझी तिची ओळख माझ्या हातावरूनच झाली. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा मी सोळा वर्षांची. ह्यांचं सोनारकामाचं लहान दुकान, म्हणजे नवे दागिने थोडे आणि तुटलेल्याला डाग देऊन सांधणं जास्त. सासूबाईंनी मला बांगड्या भरायला भागूकडे पाठवलं. मी हात पुढे केला आणि मान खाली घातली. तिनं रंग विचारला, मी बोलले नाही. लाल का हिरव्या, मी बोलले नाही. शेवटी ती म्हणाली, "बाय, तुला तोंड हाय का नाय? का दोन हातच पाठवलेत घरच्यांनी?" दुकानातल्या बायका हसल्या आणि मला रडू फुटलं. तेव्हा तिनं माझा अंगठा तळव्यात दुमडला, हात दाबत दाबत एकेक बांगडी अशी चढवली की मला कळलंही नाही, आणि कानाशी येऊन म्हणाली, "रडू नको गो. तू नको बोलूस. मी बोलते ना पुष्कळ." पुढची वीस-बावीस वर्षं आमचं तसंच चाललं. बोलायची ती.

माझी शालू चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू यायचं, खुणा कळायच्या, पण शब्द नाही. सासूबाई म्हणायच्या, आईवर गेली. ते मला फार लागायचं, कारण ते मलाही खरं वाटायचं. सरकारी दवाखान्यात तेव्हा एक नर्स होत्या, मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती, त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. त्यांनी शालूचा घसा पाहिला, जीभ पाहिली, म्हणाल्या, दोष काही नाही. मग म्हणाल्या, "आमच्या जुन्या गोव्याला मोठी इगर्ज आहे. तिथल्या सायबिणीला पोरीच्या उंचीची मेणबत्ती बोला. आमच्याकडे तसं करतात." इगर्ज म्हणजे चर्च आणि सायबीण म्हणजे त्यांची देवी, येशूची आई. मी नुसती उभी राहिले. दुसऱ्यांचा देव, त्याला काय म्हणावं, कसं म्हणावं… शेजारी भागू होती. तिनं तिथल्या तिथे दवाखान्याच्या पायरीवर हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "सायबीण बाय, हिच्या पोरीला वाचा दे. पोरीएवढी मेणबत्ती आणून लावीन." घरी जाताना तिनं दुकानातला माळा ओवायचा दोरा घेतला, शालूला ओट्याच्या खांबाला उभं केलं, टाचेपासून डोक्यापर्यंत माप घेतलं आणि गाठ मारली. मूल माझं, पण नवस तिच्या तोंडचा.

चार महिन्यांनी शालू त्याच ओट्यावर बसलेली असताना एका माळेकडे बोट करून म्हणाली, "हिरवी." स्पष्ट म्हणाली. भागूनं ती माळच्या माळ तिच्या गळ्यात घातली.

नवस फेडायचा म्हटलं तर गोवा काही जवळ नव्हतं. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. आगबोटीनं जायचं, उतरल्यावर सामान तपासून घ्यायचं, पैसेसुद्धा तिकडचे वेगळे. आमच्यासाठी तो परदेशच. शिवाय सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग दुकानाचं छप्पर गेलं, मग आणखी काही. चार वर्षं अशीच गेली. भागू अधूनमधून म्हणायची, "इंदे, देणं वाढतंय बरं का." मी म्हणायची, जाऊ गं. शालू आठ वर्षांची झाली आणि एकाएकी अडखळायला लागली. शब्द यायचा, पण अर्ध्यावर थांबायचा आणि तिचा चेहरा लाल व्हायचा. शाळेत मुली हसायच्या म्हणून ती पुन्हा गप्प बसायला लागली. भागूनं तिला एकदा तसं अडकताना पाहिलं आणि त्याच दिवशी आमच्या दुकानात येऊन ह्यांना म्हणाली, "दाजी, तुमच्या घरची देवी गोव्याची ना? कितीक वर्षांत ओटी गेली नाय. मी घेऊन जाते इंदूला." मेणबत्तीचं ती काही बोलली नाही. ह्यांनी मला दहा रुपये दिले. म्हणाले, जपून खर्च करा. आगबोटीचं माझं भाडं भागूनं भरलं.

शालूला न्यायचे पैसे नव्हते, म्हणून शालूऐवजी दोरा नेला.

आगबोटीच्या डेकवर आम्ही बोचकी उशाला घेऊन पडलो होतो. मला बोट लागली, दोन-तीनदा ओकले. भागू मात्र आजूबाजूच्या बायकांचे हात बघत बसलेली. पणजी जवळ आली तेव्हा तिनं बोचक्यातून बांगड्या काढल्या. चार डझन होत्या, हिरव्या काचेच्या. तिकडे विकून वरखर्च काढायचा तिचा बेत होता. आता म्हणाली, "धक्क्यावर जकात लावतील. हातातल्या बांगड्यांना कोण जकात लावत नाय. दे हात." मी म्हटलं, तूच घाल. तोंडातून निघून गेलं आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. ती हसली, म्हणाली, "माझ्या हातात बघून जकात नाय, फौजदार येईल." आणि माझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या चढवल्या. धक्क्यावरच्या कारकुनानं आमचं बोचकं उलटंपालटं केलं. ओटीचं सामान पाहिलं, दोरा उचलून पाहिला, गाठ पाहिली. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "हें कितें, बाये? दुकान व्हरता?" म्हणजे, हे काय, दुकान घेऊन चाललीस का? मी तर जमिनीत गेले. भागू म्हणाली, "साहेब, नवरा सोनार हाय हिचा. सोनं लोकांचं, हिच्या वाट्याला काच." तो हसला आणि आम्हाला सोडलं.

देवीची ओटी भरली. दोन दिवस तिथल्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत राहिलो. बांगड्यांना तिथे गिऱ्हाईक मिळालं नाही, त्या माझ्याच हातांत राहिल्या. परतीच्या दिवशी मोटारीनं जुन्या गोव्याला उतरलो, ऊन चढायच्या आत. त्या मोठ्या इगर्जीला तिकडे कॅथेड्रल म्हणतात, हा शब्द शालूनं मला पाटीवर लिहून दिला म्हणून इथे लिहिता येतोय. मी पाहिलं ते असं. भोवती गाव म्हणून नाहीच. झाडं, मोकळं रान, आणि त्यात एवढी थोरली पांढरी इमारत. तिला एका बाजूला मनोरा आणि दुसऱ्या बाजूला नाही. भागूनं एका म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, दुसरा पडला फार पूर्वी, पुन्हा बांधला नाही. भागू वर बघत राहिली. म्हणाली, "इतकी वर्षं एकच घेऊन उभी हाय. कोणी काय म्हणत नाय तिला."

आम्ही वहाणा बाहेर काढल्या. देवाच्या घरात वहाणा घालून कसं जायचं? आत गेलो तर सगळी माणसं पायांत जोडे घालून होती आणि आम्ही दोघीच अनवाणी. फरशी थंडगार. खाली बघितलं तर फरशीच्या दगडांवर अक्षरं कोरलेली. ती पुरलेल्या माणसांची नावं, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी दगड चुकवत चुकवत, मधल्या फटींवर पाय ठेवत चालायला लागले. छत इतकं उंच की वर बघितलं तर मान दुखेल. समोर टोकाला भिंतभर सोनं, त्यात कोरलेली माणसं. एवढ्या मोठ्या जागेत कुणाचा आवाज नव्हता. आणि माझ्या हातांत चार डझन बांगड्या… एक पाऊल टाकलं की खळखळ. फट चुकली, तोल सावरायला हात उचलला की खळखळ, आणि ती तिथेच न थांबता वर छतापर्यंत जाऊन परत यायची. बाकांवर गुडघे टेकून बसलेल्या बायका एकेक करून वळून बघायला लागल्या. मी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले. तरी श्वासाबरोबर वाजायच्या. एक पाद्री पुस्तक मिटून आमच्याकडे बघत उभे राहिले. रागानं नसतील, पण मला तसं वाटलं. मी मागे फिरले आणि पळत बाहेर आले. पळताना तर जे काही वाजलं ते विचारूच नये.

भागू मागून आली ती पदर तोंडात घालून हसत. मी म्हटलं, "मी आता आत येणार नाही. तूच लाव मेणबत्ती." ती हसायची थांबली. म्हणाली, "पोरगी तुझी हाय, इंदे." मी म्हटलं, नवस तुझा आहे.

आवाराच्या कडेला मेणबत्त्या विकणारी एक म्हातारी बसली होती. तिच्याकडे मेणाचे हात होते, पाय होते, मेणाची तान्ही बाळं होती, ज्याचं जे दुखत असेल ते. उंचीच्या मेणबत्त्या मागे टोपलीत उभ्या. मी दोरा काढून गाठीपर्यंतचं माप धरलं. भागूनं दोरा माझ्या हातातून घेतला आणि पुढे सोडला. पुढे आणखी एक गाठ होती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं शालूला पुन्हा खांबाला उभं केलं होतं, मला न सांगता.

"वाचा आली तेव्हा एवढीच होती," मी म्हटलं.

"देताना केवढी हाय?"

"अगं, पण बोललो तेव्हा…"

"बोललो ते पोरीएवढी. पोर थांबली का वाढायची? चार वर्षं आपण बसलो ते सायबिणीनं सोसायचं?"

म्हातारीनं लहानीची आणि मोठीची किंमत सांगितली. माझ्याकडे लहानीपुरते पैसे होते. मोठीला बरेच कमी पडत होते आणि भागूकडे परतीच्या तिकिटांपलीकडे काही नव्हतं. मी मनातून सुटल्यासारखी झाले. आता लहानच घ्यावी लागेल. भागूनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्या म्हातारीच्या शेजारीच झाडाच्या सावलीत बसकण मारली, माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि ओरडली, "या बायांनो, पनवेलची काच, हिरवी काच!"

आतून प्रार्थना आटपून बायका बाहेर येत होत्या. मघाशी माझ्याकडे वळून बघणाऱ्याच त्या. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण त्या थांबल्या. एकीच्या भाचीचं लग्न होतं, त्यांच्यातही नवरीला हिरव्या बांगड्या भरतात हे मला तिथे कळलं. भागू माझा अंगठा दुमडून एकेक बांगडी उतरवत होती आणि तीच ऊब असलेली बांगडी समोरच्या हातात चढवत होती. त्यांची भाषा निराळी, पण हात दाबायला भाषा लागत नाही. एक मुलगी, तीच नवरी असावी, लाजत पुढे बसली. भागू थबकली. मग आपला उघड्या मनगटाचा हात पुढे करून खुणेनं विचारलं, माझ्या हातानं चालेल का, माझा नवरा नाही. त्या मुलीची मावशी म्हणाली, "कित्याक ना?" म्हणजे, का नाही, आणि मुलीचा हात तिनंच भागूच्या हातात ठेवला. भागूनं डाव्या हातात दहा भरल्या आणि उजव्या हातात अकरा. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिलाही ते नको असावं.

दुसऱ्यांदा आत गेलो तेव्हा माझे हात हलके होते, माझ्या स्वतःच्या दोन-दोन बांगड्या तेवढ्या. मेणबत्ती शालूएवढी, मी तिला खांद्याशी धरून नेली, झोपलेलं मूल नेतात तशी. बाजूच्या एका कोनाड्यात सायबिणीची मूर्ती होती. भागूनं सगळ्यात आधी तिचे हात बघितले. हळूच म्हणाली, "सव्वादोनचा हात. आणि एकही बांगडी नाय." मग थोड्या वेळानं, "बरं दिसतं तसंही." मेणबत्ती लावली. भागू म्हणाली, आता तू बोल. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण काही आलं नाही… शालूचं जसं अडायचं तसंच अगदी. मग भागूच बोलली, आपल्या रोजच्या आवाजात, "सायबीण बाय, उशीर झाला. पण पूर्ण मापाची हाय. हिची पोर बोलू दे, आणि जमलं तर हिला पण थोडं." मेणबत्ती जळत होती. आम्ही ती संपेपर्यंत थांबलो नाही, मोटार जाणार होती.

परतीच्या आगबोटीत मी हिशोब केला. माझं दोन्ही वेळचं भाडं आणि त्या बांगड्यांतून मेणबत्तीला घातलेले, सगळे मिळून एकवीस रुपये होत होते. मी म्हटलं, भागू, हळूहळू देईन. ती कठड्याला टेकून बसली होती. म्हणाली, "नको. राहू दे येणं."

"असं कसं?"

"अगं, येणं ठेवून मेलं की वसूल करायला परत यावं लागतं. कुठे येणार? तुझ्याकडेच. मला ना माहेर राहिलं, ना पोर. एवढं एक घर तरी पुढच्या जन्माला नक्की असू दे." आणि मग माझा चेहरा बघून, "घाबरू नको. तुझी सासू होऊन येईन. सगळे एकवीस सुनेकडून काढीन."

शालूचं अडखळणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. आजही घाईत असली की थांबते. वर्गातली मुलं तिच्याबरोबर थांबतात, असं ती सांगते. गोव्याची वाट पुढे बंद झाली, मग गोवा आपल्यात आला. आता म्हणे कुणी बोचकी उघडत नाही.

पैसे मात्र मी साठवले. पोह्याचे पापड करून विकायची, त्यातला एखादा रुपया डब्यात टाकायची. एकवीस व्हायला तीन वर्षं लागली. त्या दिवाळीत डबा घेऊन गेले तर भागू म्हणाली, "तुला मी एवढी नकोशी झाले?" पुढच्या वर्षी म्हणाली, "सासू नको असेल तर जाऊ होऊन येते." मग दर दिवाळीला मी डबा न्यायची आणि ती परत पाठवायची. आमचा तो सणच झाला म्हणा. ह्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, वेड्या आहात दोघी.

गेली चार-पाच वर्षं ती थकतच गेली. बाजारात प्लास्टिकच्या बांगड्या आल्या. फुटत नाहीत, हात दाबायला लागत नाही, ज्याची त्यानं घालावी. खेड्यांतल्या बायका म्हणायच्या, कासारणी, पुढच्या टायमाला बघू. ती पाटी घेऊन जायची आणि तशीच भरलेली परत आणायची. दम लागायचा, पाय सुजायचे. दिराच्या घरच्यांनी तिचं केलं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ती दुकानाच्या मागच्या खोलीत पडून असायची आणि पुढच्या ओट्यावर काच वाजली की डोळे उघडून किती ते मोजायची. एकदा मला म्हणाली, "इंदे, चालून चालून जीव गेला. आता कुणी बोलावलं तरी उठवत नाय."

आणि मग तिचा निरोप आला. "पैसे घेऊन ये."

मी डबा घेऊन गेले. वाटेत दोनदा थांबले. एकदा वाटलं, विसरले म्हणावं. बाजाराच्या कोपऱ्यावर डबा उघडला आणि त्यातला एक रुपया काढून मुठीत धरला.

ती भिंतीला टेकून बसली होती. मी वीस रुपये तिच्या पदरात ओतले. नजर कमी झाली होती तिची, पण नजरेची गरज नव्हती. एकेक नाणं अंगठ्यावरून सरकवत डाव्या हातात घेतलं, दहा झाले. मग उजव्या हातात घ्यायला लागली. आठ. नऊ. दहा. पदर चाचपला. दोन्ही हात तसेच भरलेले, मांडीवर उघडे ठेवून बसून राहिली.

"एका हातात एक जास्त लागते," ती म्हणाली. "तुला म्हाईत हाय."

मी म्हटलं, "राहू दे ना एक. त्या एकासाठी ये."

मी एवढं कधी तिच्याशी आपणहून बोलले नव्हते. ती हसली असं मला वाटलं. मग तिला धाप लागली. पुढे ओट्यावर कोणी तरी भाव करत होतं.

"तुझ्याकडे आले असते गो," ती म्हणाली. "तुझ्याकडे नक्की आले असते. पण आता कुठेच यायचं नाय. लई दमले. सोड मला."

तो दोरा माझ्या पेटीत आहे. दोन्ही गाठी तशाच आहेत. शालू आता दुसऱ्या गाठीच्याही किती तरी वर गेली. कधी कधी दुपारी मी तो काढून बघते, हातावर गुंडाळते आणि परत ठेवते. जे झालं ते बरोबरच झालं, असं मनाला सांगते. दमलेल्या माणसाला पुन्हा चालायला लावू नये.

त्या दिवशी तिच्यासमोर मी मूठ उघडली. रुपया घामानं ओला झाला होता. तो तिच्या उजव्या हातात ठेवला आणि तिची बोटं, ती माझा अंगठा दुमडायची तशी, एकेक करून मिटली. डाव्या हातात दहा आणि उजव्या हातात अकरा. तिनं मान हलवली. एकवीसच्या एकवीस रुपये फिटले.